हसनभाईंच्या हातची पट्टी

"पायजाळ्या गेला रे."

नाशिकला भद्रकालीच्या स्टँडवर एका टांगेवाल्याने दुसऱ्याला दिलेली ही बातमी मी भाजीची पिशवी हातात धरून ऐकली. दुसऱ्याने विचारलं, "कोण, कथड्यातला हसन? ज्यानं शेठची घोडी जाळली तो?" "तोच. पण माणूस लय दिलदार हां." एवढं बोलून दोघांनी एका काडीवर दोन बिड्या पेटवल्या. एक टोपणनाव, एक गुन्हा आणि वरून चिमूटभर दया, एवढ्यात ऐंशी वर्षांच्या माणसाचा निकाल लागला. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले, पण त्या दिवशी तोंडाला आलेली कडू चव अजून गेलेली नाही. घोडी हसनभाईंनी जाळली नव्हती. मी जाळली होती. हे एवढंसं वाक्य सदतीस वर्षं माझ्या तोंडून निघालं नाही, आणि आज निघतंय तर ज्यांच्यासमोर ते बोलायला हवं होतं ते हसनभाई मातीखाली आहेत. वाचकांनी या लेखात उदबत्तीचा वास शोधू नये. मला आठवतो तो वास वेगळाच आहे.

तीसच्या दशकाच्या मध्यावरची ही हकिगत. माझे मामा देवळालीच्या तोफखान्याला गवत पुरवण्याचे ठेकेदार होते. वडील लवकर गेल्यामुळे मी त्यांच्याकडेच वाढलो आणि पुण्याहून बी. ए. होऊन आल्यावर त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार बघू लागलो. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. त्याचा मला किती माज होता हे आज आठवलं की अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं. हसनभाई मामांच्या तबेल्याचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची मालिश, दाणापाणी, खूर, पाय सगळं बघणारे. चाळिशी उलटलेले, बुटके, आयुष्यभर घोड्यांच्या पायांशी उकिडवे बसून पाठीला कायमचा बाक आलेले. लिहिता-वाचता अजिबात येत नसे. तबेल्यात ओढीची सहा-सात जनावरं होती आणि मैना नावाची एकच शर्यतीची घोडी होती. लाल रंगाची, कपाळावर पांढरा टिळा आणि चारही पाय असे सरळ, की मामा पाहुण्यांना आधी पायच दाखवत.

मैना धावून आली की हसनभाईंचं खरं काम सुरू होई. आधी श्वास बसेपर्यंत तिला हातात धरून फिरवायचं. पाणी घोट घोट. मग पाय गार पाण्यात, गुडघ्याच्या वरपर्यंत. ते नीट पुसायचे, खुरामागच्या खळगीत ओल राहू द्यायची नाही, कारण तिथे चिरा पडतात. मग नदीची चिकणमाती शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, कालवून गुडघ्याखालच्या नळीवर जाड लेप, त्यावर कापूस आणि त्यावर लोकरीची लांब पट्टी. दुखतो एक पाय, पण पट्टी दोन्ही पायांना. मी एकदा विचारलं, दुसरा तर धडधाकट आहे, त्याला कशाला? तेव्हा हसनभाई म्हणाले, "भाऊ, घरात एक आजारी पडला की दुसऱ्यावर काम येतं का नाय? तो दुसरा आधी मोडतो." पट्टीच्या आत एक बोट सहज गेलं पाहिजे आणि गाठ बाहेरच्या अंगाला आली पाहिजे, मागच्या शिरेवर कधीच नाही. सकाळी पट्टी सोडायची आणि उलट्या हाताने, मनगटाच्या आतल्या बाजूने, पायाची ऊब बघायची. "तळहाताला घट्टे पडलेत," ते सांगत, "त्याला काय कळणार? हितं बघा, मनगटाची चामडी बायकांसारखी राहते. ती खोटं बोलत नाय."

मामा चेष्टा करत, "हसन, घोडीचे पाय दाबतोस तेवढे बायकोचे दाबले असतेस तर घरी दोन वेळा गरम जेवण मिळालं असतं."

"बायको तोंडानं सांगते शेठ, कुठं दुखतं ते. सांगून वर चार शिव्या देते. ही बिचारी सांगत नाय."

त्या वर्षी एका रविवारी देवळाली कॅम्पच्या मैदानावर गोऱ्या साहेबांच्या शर्यती होत्या, आणि शेवटची लांब पल्ल्याची शर्यत गावातल्या घोड्यांनाही खुली होती. थंडी सरत आलेली, जमीन वाळून फरशीसारखी टणक. सकाळी तिच्यावर टाच आपटून हसनभाई म्हणाले होते, "ही जिमीन पाय खाणार." मैना साहेबाच्या एका उंच घोड्याच्या पुढे मानभर राहून जिंकली. लोकांनी टोप्या उडवल्या, अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या, मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. या सगळ्यात हसनभाई तेवढे घोडीच्या पुढच्या उजव्या पायाशी उकिडवे बसलेले. एकाने त्यांच्यापुढे पेढा धरला. ते म्हणाले, "शर्यत हिनं जिंकली, पेढे तुम्ही खा. मला जरा उजेड सोडा."

वालदेवी नदीच्या पाण्यात त्यांनी मैनेला बराच वेळ उभं केलं आणि मामांना सांगितलं, "शेठ, शीर गरम हाय. तुटली नाय, पण आज चालवू नका. चार-पाच दिवस इथंच राहू द्या, मी राहतो संगती." मामांना घोडी गावात हवी होती. मंगळवारी सकाळी बँड लावून, गुलाल उधळून, घोडीच्या पायांत चांदीचे तोडे घालून मिरवणूक काढायची असं त्यांनी मैदानावरच जाहीर करून टाकलं होतं. दिवेलागणीला मैना नाशिकच्या तबेल्यात पोहोचली तेव्हा ती उजवा पाय टेकवून लगेच उचलत होती.

आता माझी कामगिरी. परतताना देवळालीच्या बाजारातल्या एका दुकानातून मी एक औषधाची बाटली घेतली होती. चपटी, तपकिरी, आत दाट लालसर तेल. दुकानदार म्हणाला होता, साहेब लोकांच्या घोड्यांना हेच लावतात, दोन दिवसांत पाय नवा. मला एवढं पुरे होतं. तबेल्यात हसनभाई माती कालवत बसले होते. मी म्हणालो, चिखल राहू द्या, हे लावा आणि वर पट्टी बांधा. त्यांनी बूच काढून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "भाऊ, हे तेज हाय. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलं का?"

"वाचलंय," मी म्हणालो.

वाचलं नव्हतं. अक्षरं बारीक होती, उजेड कमी होता... ही कारणं मी पुढे स्वतःला कैक वर्षं सांगितली. खरं कारण एवढंच, की चिखल कालवणाऱ्या माणसासमोर बाटली डोळ्यांजवळ धरून वाचत बसणं मला कमीपणाचं वाटलं. आपल्याला आधीच माहीत आहे असं दाखवायचं होतं. हसनभाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. लिहिलेल्या अक्षराबद्दल त्यांना जो आदर होता तो वाचता येणाऱ्या आमच्यातल्या कुणालाच नव्हता. "लिहिलंय म्हणता तर आपण काय बोलणार," असं म्हणून त्यांनी ते तेल दोन्ही पायांना चोळलं, कापूस ठेवला आणि पट्टी बांधली. नेहमीसारखीच. आत एक बोट, गाठ बाहेरच्या अंगाला.

सोमवारी सकाळी मैना पाय आपटत होती, मान वळवून दातांनी पट्टी ओढत होती. हसनभाई घरी मला शोधत आले. "सोडू द्या भाऊ. गंगेवर नेतो, नदीच्या गार पाण्यात उभी करतो. हिला सोसत नाय." बाटली अजूनही वाचता आली असती. तबेल्यातल्या कोनाड्यात ती उभी होती आणि सकाळचं लख्ख ऊन होतं. मी फेट्याचं कापड निवडत बसलो होतो. मी म्हणालो, "दोन दिवस उघडायचं नाही असं बाटलीवर लिहिलंय." आधी न वाचता वाचलं म्हणालो, आता बाटलीवर नसलेला मजकूर रचून सांगितला. हसनभाई मान हलवून गेले. दिवसभर ते घोडीच्या तोंडाशी उभे राहून तिला पट्टी चावू देत नव्हते. माझ्या शब्दाखातर.

मंगळवारी सकाळी दारात बँडवाले येऊन बसले होते. हसनभाईंनी पट्टी सोडायला घेतली, मी आणि मामा शेजारी उभे. शेवटचे दोन वेढे सुटेनात. त्यांनी पाणी मारून ते भिजवले आणि हलकेच ओढले, तेव्हा कापसाबरोबर कातडंही आलं. नळीभर, हातमोजा उतरावा तसं. खाली लाल, ओलं, पिवळट पाणी सुटलेलं मांस, आणि वर आलेला तो वास... सडल्या फळाचा आणि जळक्या केसांचा एकत्र. मैना ओरडली नाही, नुसती थरथरत उभी राहिली. मामा दोन पावलं मागे सरले, धोतराचा सोगा नाकाला लावला आणि विचारलं, "ही पट्टी कुणी बांधली?"

मी म्हणालो, "हसनभाईंनी."

वाक्य खरं होतं. मी तेव्हा स्वतःला हेच सांगितलं, की मी खोटं बोललेलो नाही. पट्टी त्यांनीच बांधली होती की नाही? आयुष्यात खोटं मी पुष्कळ बोललो असेन, पण त्या एका खऱ्या वाक्याइतकी घाण दुसऱ्या कशाची वाटत नाही. हसनभाईंनी मान वर केली. हातात ती चिकट पट्टी तशीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली. पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून वाट पाहिली, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. मी तोंड उघडलं नाही. मग ते मामांना म्हणाले, "हो शेठ. बांधली मीच."

त्यांना तिथल्या तिथे हाकललं गेलं. सदरा खुंटीवरून काढून घ्यायला ते आत गेले तेवढाच काय तो वेळ त्यांना मिळाला. आणि मिरवणूक? ती निघाली. मामांनी स्टेशनच्या रस्त्यावरून टांग्याचा एक लाल घोडा आणवला, त्याच्या कपाळावर चुन्याचा टिळा काढला, पायांत तोडे घातले, अंगावर झूल टाकली. मैना घोडी होती, हा घोडा. झुलीखाली कोण बघतं? आळीआळीतून बायकांनी त्याला ओवाळलं, म्हाताऱ्यांनी त्याच्या खुरांवर पाणी घातलं, आणि तो बिचारा टांग्याचा घोडा दर चौकात सवयीने थांबून उतारूची वाट पाहू लागला. मी सगळ्यांच्या पुढे फेटा बांधून चालत होतो. गुलाल दातांत जाऊन कचकचत होता. आजही कुठे गुलालाची पुडी फुटली की माझ्या नाकात आधी ते जळकं मांस येतं. दुपारी घरी परतल्यावर मी बाटली नदीत फेकायला म्हणून तबेल्यातल्या कोनाड्याशी गेलो, तर ती तिथे नव्हती.

"पायजाळ्या" हे नाव आठवड्याभरात गावभर झालं. ते कुणी पाडलं माहीत नाही. मी पाडलं नाही, एवढंच. पण कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी हसत असे. हसनभाईंना पुन्हा कुणीही शर्यतीचा घोडा हाताळायला दिला नाही. ते नाशिक रोडच्या स्टँडवर दुसऱ्याचा टांगा हाकू लागले. मैना जगली, पण गुडघ्याखाली तिला परत केस आले नाहीत, आणि मामांनी तिलाही टांग्यालाच विकून टाकलं. मालक वेगळा, टांगा वेगळा, पण स्टँड तोच. उतारू नसले की हसनभाई आपला टांगा सोडून तिच्या त्या उघड्या नळ्यांना खोबरेल चोळत बसलेले मी लांबून पाहिलं आहे. लांबूनच. ते दिसले की मी पलीकडच्या टांग्यात बसत असे. त्यांची हाक मात्र चुकत नसे. "भाऊ, बरं हाय ना?" त्या हाकेत टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढे कधीतरी माझा पाय मोडला आणि प्लास्टर घालून मी घरी पडलो होतो. हसनभाई दारात आले. पत्नीला त्यातलं काही माहीत नव्हतं, तिने आत बोलावलं. ते खाटेशी उकिडवे बसले, माझ्या बोटांवर उलटं मनगट टेकवलं आणि तिला म्हणाले, "ताई, लय आवळलंय. आत बोट जात नाय. डॉक्टरला आजच्या आज दाखवा." डॉक्टरांनी प्लास्टर कापलं आणि म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर बोटं काळी पडली असती. ज्या माणसाचं नाव मी घालवलं त्याने माझा पाय वाचवला, आणि मी काय केलं? पत्नीच्या हाती त्याला चहा पाठवला आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

बातमी ऐकली त्याच दिवशी दुपारी दफन झालं. मी गेलो होतो. गावात वयाने मोठा म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी "हसनभाई घोड्यांचे मोठे जाणकार होते" एवढं पुटपुटलो. माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "एकदाच चुकला बिचारा." मी ऐकलं आणि चप्पल शोधू लागलो. नंतरच्या शुक्रवारी कथड्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी जुबेदा आता पन्नाशीची आहे. तिने एक पत्र्याची पेटी उघडली, कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. ती बाटली. चपटी, तपकिरी, तळाशी वाळून काळं पडलेलं तेल. लेबल पिवळं झालं होतं, पण फाटलं नव्हतं.

"अब्बा कुणाला हात लावू देत नव्हते," जुबेदा म्हणाली. "भाऊचाचा, तुम्हाला इंग्रजी येतं. काय लिहिलंय हो हिच्यावर?"

सदतीस वर्षांनी मी ती बाटली डोळ्यांजवळ धरली. चार ओळी होत्या. तिसरीखाली निळ्या पेन्सिलीची रेघ होती, जुनी, फिकट झालेली. ती ओळ मी मनात वाचली. आणि मग जुबेदाला म्हणालो, "घोड्याच्या पायाचं औषध आहे, असं लिहिलंय. बाकी काही नाही."

तिने "बरं" म्हटलं आणि बाटली परत कापडात गुंडाळली. मी घरी आलो आणि जेवायला बसलो. वयाने माणूस शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांनी मला बघावं. चोविसाव्या वर्षी जे केलं तेच एकसष्टाव्या वर्षी, त्याच बाटलीसमोर, या खेपेला लख्ख वाचून केलं. त्या निळ्या रेघेचा अर्थ रस्ताभर डोक्यात होता. हसनभाईंनी ते लेबल कधीतरी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. त्यांना माहीत होतं. माझ्या बोटांवर मनगट टेकवलं तेव्हाही बहुधा माहीत होतं.

हा लेख लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर थांबलो. जुबेदा उर्दू शाळेत शिकलेली. मराठी अक्षरांत मी कितीही कबुल्या दिल्या तरी सगळं गाव वाचेल, ती वाचणार नाही. म्हणजे इथेही मी सोयीची वाट शोधली होती. मी उठलो आणि पुन्हा कथड्यात गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणालो, ती बाटली आण. तिने आणली. मी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत: "या औषधावर पट्टी बांधू नये." आणि ही बाटली कुणी आणली, वाचलं असं कुणी खोटं सांगितलं, दोन दिवस उघडू नका हे कुणी रचलं, तेही सांगितलं.

जुबेदाचे हात तांदळात तसेच राहिले. मग म्हणाली, "मला माहीत आहे. स्टेशनावरच्या एका मास्तरानं वाचून दाखवलं होतं अब्बांना, मी लहान होते तेव्हा. अम्मी म्हणायची, जा, दाखवा सगळ्यांना. अब्बा म्हणायचे, भाऊ स्वतः वाचतील एक दिवस." तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला. "मागच्या वेळी म्हणून तर विचारलं तुम्हाला. नाही वाचलंत."

माफी मागायला गेलो होतो, पण तो शब्द त्या ओट्यावर बसल्यावर तोंडात धरवेना. सूप पुन्हा हलू लागलं. मग तिने मान वर न करताच विचारलं, "आता कुणी मला पायजाळ्याची मुलगी म्हटलं, तर तुमचं नाव सांगू?"

"सांग," मी म्हणालो.

"चाचा, तुमचं नाव काय? आम्ही तर भाऊच म्हणत आलो."

मी पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, पाठ करावं तसं. मग बाटली ठेवायला ती आत गेली आणि पेटीचं झाकण उघडलं तेव्हा मला ओट्यावरून दिसलं: तळाशी चार लोकरीच्या पट्ट्या होत्या. धुतलेल्या, घट्ट गुंडाळलेल्या, बांधायच्या नाड्या आतल्या टोकाला, म्हणजे पायाला गुंडाळत गेलं की शेवटी हातात याव्यात तशा. टांग्याच्या घोड्याला कुणी पट्टी बांधत नाही. जुबेदा म्हणाली, "अब्बा दर पावसाळ्यानंतर ऊन देऊन परत गुंडाळायचे. या वर्षीही गुंडाळल्या. म्हणायचे, कुणीतरी घोडा घेऊन येईल."